पडद्यावरून उतरलेली कादंबरी वाचावी काय ?

यंदा ग्रंथालयासाठीं कोणतीं पुस्तकें घ्यावीं याविषयीं विद्यार्थ्यांकडून याद्या मागविण्यांत आल्या, त्या वेळीं वरच्या वर्गांतील कांहीं मुलांनीं एकमुखानें एका विशिष्ट प्रकारच्या पुस्तकांची मागणी केली. हीं पुस्तकें म्हणजे टेलिव्हिजनवर गाजलेल्या विज्ञानकथांच्या मालिकांवरून लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्या होत. यादी सूचनाफलकावर लागतांच दोघां पालकांनीं सौम्य शब्दांत आपली नापसंती कळविली. मुलें पडद्यापुढें बसतात तेवढें पुरे नाहीं काय, आतां पुस्तकांतहि तेंच घेऊन बसावयाचें काय, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. मुलांची मागणीहि गैर नाहीं. अडचण एवढीच कीं, मागणाऱ्यांनीं तीं पुस्तकें वाचलेलीं नव्हतीं आणि नाकारणाऱ्यांनींहि वाचलेलीं नव्हतीं. म्हणून त्यांपैकीं एक पुस्तक समोर ठेवून, त्याच्या निमित्तानें या सर्व जातीच्या पुस्तकांचा थोडा विचार करावा, असें योजिलें आहे.

पुस्तकाचें नांव 'द फायनल रिफ्लेक्शन'. लेखक जॉन एम. फोर्ड. अमेरिकेंतील 'पॉकेट बुक्स' या प्रकाशनसंस्थेनें तें १९८४ सालीं 'स्टार ट्रेक' या मालिकेवरील आपल्या पुस्तकमालेंत सोळावें पुस्तक म्हणून काढलें. 'सोळावें' या शब्दानेंच पुष्कळ सुज्ञ माणसांचें मन विटेल. ज्या मालेंतील पुस्तकें क्रमांकानें ओळखलीं जातात, तींत लेखकाचें स्वतःचें असें काय असणार? साबणाच्या वड्यांप्रमाणें तीं एकाच साच्यांतून निघत असणार, हा तर्क साहजिक आहे. आणि असल्या बऱ्याच पुस्तकांच्या बाबतींत तो तर्क खराहि आहे, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें.

ज्यांस या मालिकेचा परिचय नाहीं अशा वाचकांसाठीं थोडी माहिती देणें अवश्य आहे. जीन रॉडनबेरी यांनीं निर्माण केलेली 'स्टार ट्रेक' ही मालिका अमेरिकेंत १९६६ पासून १९६९ पर्यंत चालली. तिचे एकंदर ७९ भाग झाले. भविष्यकाळीं मानवजात एक होऊन इतर ताऱ्यांवरील लोकांशीं तिनें एक संघ स्थापन केला आहे, त्याचें नांव फेडरेशन. आणि त्या फेडरेशनचें 'एंटरप्राइज' नांवाचें जहाज कॅप्टन कर्क, त्याचा तर्कनिष्ठ सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय यांस घेऊन अंतराळांत फिरत आहे, अशी ही कल्पना. या जहाजास वाटेंत शत्रू भेटतात, त्यांत १९६७ सालीं प्रथम पडद्यावर आलेले क्लिंगॉन हे प्रमुख. क्लिंगॉन म्हणजे कपटी, क्रूर, युद्धखोर लोक. तो काळ अमेरिका आणि रशिया यांच्यांतील शीतयुद्धाचा होता; तेव्हां क्लिंगॉन म्हणजे कोण, हें तिकडच्या प्रेक्षकांस कोणीं समजावून सांगण्याची गरज नव्हती. हे लोक घरीं कसे राहतात, मुलांस काय शिकवितात, कशास भितात, कशास हंसतात, यांतलें कांहींच त्या मालिकेंत दिसत नाहीं. गरज पडेल तेव्हां यावें, गुरकावें आणि हरून परत जावें, एवढेंच त्यांचें काम.

आतां अशा मालिकांवरून जीं पुस्तकें निघतात त्यांचे ढोबळ मानानें दोन प्रकार असतात. एक, पडद्यावर झालेली गोष्ट जशीच्या तशी शब्दांत उतरविणें. दुसरा, तींच पात्रें घेऊन नवी गोष्ट रचणें. पहिल्या प्रकाराची सुरुवात 'स्टार ट्रेक'च्या बाबतींत जेम्स ब्लिश यांनीं १९६७ सालीं केली. ब्लिश हे कांहीं सामान्य लेखक नव्हते. विज्ञानकथांसाठीं मानाचा समजला जाणारा ह्यूगो पुरस्कार त्यांच्या 'अ केस ऑफ कॉन्शन्स' या कादंबरीस १९५९ सालींच मिळाला होता. तरीसुद्धां मालिकेच्या संहितांवरून त्यांनीं केलेलें तें पहिलें पुस्तक आज वाचावें तर लांबलचक तारा वाचल्यासारखें वाटतें. एका बारीकशा पुस्तकांत सात गोष्टी. कोण आला, काय बोलला, कसा सुटला, संपलें. मोठ्या गवयाला मिरवणुकींत गावयास लावल्याप्रमाणें तो प्रकार आहे.

तथापि त्या काळीं या पुस्तकांचा एक उपयोग होता, तो आजच्या मुलांच्या ध्यानांत येणार नाहीं. एकदां दाखविलेला भाग पुनः पाहण्याचें साधन तेव्हां लोकांच्या घरीं नव्हतें. इंग्लंडमध्यें १९६३ सालीं सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या मालिकेचें तर असें झालें कीं, खुद्द बी. बी. सी. नेंच तिच्या अनेक जुन्या भागांच्या फिती पुसून टाकल्या. गेलेल्या गोष्टी मुलांस पुनः भेटत त्या 'टार्गेट' या नांवानें १९७३ पासून निघूं लागलेल्या लहान लहान पुस्तकांतून. त्यांपैकीं साठांहून अधिक पुस्तकें टेरन्स डिक्स या एकाच गृहस्थांनीं लिहिलीं. त्यांची वाक्यें आंखूड, शब्द सोपे, आणि पहिल्याच पानावर गोष्ट सुरू झालेली. आपणांस वाचनाची गोडी याच पुस्तकांनीं लागली असें कृतज्ञतेनें सांगणारे इंग्रज आज पुष्कळ आहेत. डिक्स यांच्या पुस्तकांस वाङ्मय म्हणावें कीं नाहीं याचा वाद पंडितांनीं घालावा. ज्या मुलास पुस्तक हातांत धरवत नव्हतें त्याच्या हातीं तें टिकलें, हें काम लहान नव्हे.

पण आतां फिती पुसल्या जात नाहींत. घरांतील लहानशा फोनवरहि मालिकेचा वाटेल तो भाग वाटेल तेव्हां पाहावयास मिळतो. म्हणजे आठवण ताजी करण्यासाठीं पुस्तक, हें कारण संपलें. तेव्हां जें पडद्यावर आहे तेंच पुस्तकांत असेल, तर पालकांचें म्हणणें मान्य करून तें पुस्तक मुकाट्यानें परत ठेवावें. प्रश्न उरतो तो पडद्यावर जें येऊं शकलें नाहीं तें आंत आहे काय, एवढाच.

आणि कधीं कधीं तें असतें. माल्कम हल्क नांवाच्या लेखकांनीं १९७० सालीं 'डॉक्टर हू'साठीं एक गोष्ट लिहिली. माणूस निर्माण होण्यापूर्वीं पृथ्वीवर सरपटणाऱ्या प्राण्यांपासून उत्क्रांत झालेली एक सुधारलेली जात राज्य करीत होती. आकाशांतून अरिष्ट येत आहे अशा भयानें ती जमिनीखालीं दीर्घ निद्रा घेण्यास गेली, आणि आतां जागी होऊन पाहते तों तिच्या घरांत भलतेच लोक राहत आहेत. मूळ कल्पनाच विलक्षण आहे. परंतु पडद्यावर त्या प्राण्यांस नांवें सुद्धां नव्हतीं. एक म्हातारा, एक तरुण, एवढीच त्यांची ओळख. रबरी मुखवट्याआड चाललेल्या मनाचें दर्शन कॅमेऱ्यास कसें घडावें? पुढें १९७४ सालीं हल्क यांनींच त्या गोष्टीचें 'डॉक्टर हू अँड द केव्ह मॉन्स्टर्स' हें पुस्तक केलें, तेव्हां त्यांनीं आरंभ केला तो त्या प्राण्यांच्या बाजूनें. त्यांस ओकडेल, मॉर्का, क्टो अशीं नांवें दिलीं. निजावयास जातांना आपण कांहीं काळानें उठूं असा विश्वास बाळगणारा तो प्रमुख वाचकास प्रथम भेटतो, माणसें मागाहून येतात. पुस्तकाच्या नांवांत 'राक्षस' असा शब्द आहे खरा, पण चार पानें वाचल्यावर तो शब्द वापरण्याची वाचकास लाज वाटूं लागते. हें काम शब्दांनींच होण्यासारखें होतें.

विज्ञानाच्या बाजूनेंहि एक उदाहरण येथें देण्याजोगें आहे, मग तें टेलिव्हिजनचें नसून चित्रपटाचें कां असेना. 'फँटॅस्टिक व्हॉयेज' या १९६६ सालच्या चित्रपटांत कांहीं माणसें व त्यांची पाणबुडी सूक्ष्म करून एका शास्त्रज्ञाच्या रक्तांत सोडतात. तासाभरांत बाहेर न पडल्यास तीं पुनः मूळच्या आकाराचीं होणार. माणसें बाहेर पडतात, पाणबुडी मात्र एका श्वेतपेशीनें गिळलेली तशीच आंत राहते. वर्गांतील मागच्या बांकावरचा मुलगाहि विचारील कीं, तासानंतर ती मोठी झाल्यावर रोग्याचें काय झालें? चित्रपटवाल्यांस ही शंका आली नाहीं. कादंबरी लिहिण्याचें काम आयझॅक असिमोव्ह यांजकडे आलें, तेव्हां त्यांनीं ती पेशीच पाणबुडीसह डोळ्याच्या वाटेनें बाहेर काढवून घेतली आणि मगच लेखणी खालीं ठेवली.

कोणी म्हणेल, हें सगळें ठीक आहे, पण पात्रें उसनीं, जग उसनें, मग लेखकाची कर्तबगारी ती कोणती? हा आक्षेप मराठी माणसाच्या तोंडीं शोभत नाहीं. आपल्या मुक्तेश्वर-मोरोपंतांनीं पात्रें कोठून आणलीं? अण्णासाहेब किर्लोस्करांनीं सुभद्रा आणि अर्जुन स्वतः कल्पिले होते काय? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हां कीचक कोण, द्रौपदी कोण आणि शेवटीं काय होणार, हें प्रेक्षागृहांतील पोराटोरांसहि ठाऊक होतें. ठाऊक होतें म्हणूनच त्या कीचकाच्या मुखांतून लॉर्ड कर्झनचा आवाज ऐकूं येतांच लोक सावरून बसले, आणि १९१० सालीं सरकारनें त्या नाटकावर बंदी घातली. उसन्या पात्रांच्या तोंडून लेखक स्वतःचें कांहीं बोलला, तर तें उसनेपण त्याच्या उपयोगासच येतें. बोलण्यासारखें कांहींच नसलें, तर मात्र तें उघडें पडतें.

मग पारख कशी करावी? मुखपृष्ठावरील मालिकेचें नांव हातानें झांकावें आणि आंतील मजकूर वाचून पाहावा, ही एक रीत आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत 'कृष्णविवर' या कथेस पारितोषिक मिळालें, तेव्हां लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजेच डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या कीर्तीचा भार परीक्षकांवर पडूं नये म्हणून त्यांनीं स्वतःचीं आद्याक्षरें उलटीं करून तें टोपणनांव घेतलें होतें. मोठें नांव झांकून कथा उभी राहते कीं पडते, हें त्यांनीं पाहिलें. मालिकेच्या नांवाचेंहि तसेंच करावें. ज्या पुस्तकांत स्पॉकनें पुनःपुनः भुवई उंचावावी आणि तो नट आठवून आपण संतुष्ट व्हावें एवढीच लेखकाची अपेक्षा आहे, तें या कसोटीस पहिल्या पांच पानांतच उतरत नाहीं.

परंतु फोर्ड यांच्या पुस्तकापाशीं आल्यावर ही कसोटीच अपुरी पडते. नांव झांकून वाचलें तरी तें उत्तम आहे, हें खरें. पण नांव झांकलें तर त्याचा अर्धा प्रभाव जातो, हेंहि तितकेंच खरें. कारण ज्यानें वर्षानुवर्षें क्लिंगॉन लोकांस हरतांना पाहून टाळ्या वाजविल्या आहेत, त्याच्यासाठींच तें लिहिलेलें आहे.

कथा अशी. व्रेन्न नांवाचा एक अनाथ क्लिंगॉन मुलगा. त्यांच्या समाजांत घराणें हेंच सर्वस्व, आणि याला घराणें नाहीं. क्लिंगॉन लोकांचा 'क्लिन झा' म्हणून बुद्धिबळासारखा एक खेळ आहे. त्याचा एक प्रकार असा कीं सोंगट्यांच्या जागीं जिवंत माणसें उभीं करतात आणि सोंगटी मारणें म्हणजे खरोखरच झुंजणें. आपला व्रेन्न हा त्यांतील एक सोंगटी म्हणून प्रथम आपणांस दिसतो. लाथाबुक्क्या आणि भाले यांच्या त्या गर्दींत त्याची बुद्धि पाहून केथास नांवाचा एक थोर सेनानी त्यास दत्तक घेतो. मुलगा वाढतो, युद्धशास्त्र शिकतो. इतक्यांत राजकारणाच्या एका फेऱ्यांत त्याचें दत्तक घराणें नष्ट होतें, आणि त्यास जुनें नांव टाकून क्रेन्न या नांवानें स्वतःचें नवें घराणें स्थापावें लागतें. पुढें तो जहाजाचा कप्तान होतो, आणि त्याच्यावर कामगिरी येते ती पृथ्वीवर जाऊन फेडरेशनचा राजदूत आपल्या देशीं आणण्याची. त्या राजदूताचें नांव इमॅन्युएल टागोर. नांव वाचतांच आपल्याकडील वाचक थबकेल. हा टागोर शस्त्र न मानणारा, शांततावादी मनुष्य आहे. ज्या लोकांत लढणें हाच धर्म, त्यांच्यांत असा मनुष्य जावयाचा, आणि त्यास नेणारा कप्तान लहानपणीं जिवंत सोंगटी होता. या दोघांमध्यें हळूहळू जो आदर उत्पन्न होतो, तो या पुस्तकाचा गाभा आहे. दोन्ही राष्ट्रांत युद्ध पेटविण्यास टपलेले लोक आहेत. त्यांचा डाव उधळला जातो कीं नाहीं हें येथें सांगत नाहीं, कारण ज्यांनीं पुस्तक मागितलें त्यांची मौज घालविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

कर्क आणि स्पॉक यांच्या नांवासाठीं जो हें पुस्तक घेईल, त्याची थोडी निराशा होईल. कर्क येतो तो पहिल्या व शेवटच्या कांहीं पानांत, आणि तेथेंहि तो काय करतो तर याच नांवाची एक कादंबरी वाचतो. स्पॉक एका प्रसंगीं भेटतो, पण बालवयाचा. हा मुलगा आणि क्रेन्न बुद्धिबळाच्या पटावर समोरासमोर बसतात तो प्रसंग लहानच आहे. परंतु ज्या वाचकास पुढचा मोठा स्पॉक माहीत आहे त्यास तीं पानें पुनः उलटून वाचावीशीं वाटतील.

या पुस्तकांतील दोन गोष्टी मला विशेष विचार करण्याजोग्या वाटतात. एक त्यांचा राज्याविषयींचा सिद्धांत. क्लिंगॉन लोकांच्या भाषेंत दोन शब्द आहेत : 'कोमेरेक्स' म्हणजे वाढत जाणारी रचना, आणि 'खेस्टेरेक्स' म्हणजे मरत जाणारी. त्यांच्या मतें तिसरा शब्दच नाहीं. जें वाढत नाहीं तें मरतें. म्हणून साम्राज्यानें पसरलेंच पाहिजे, आणि तें पसरतांना मध्यें जो येईल त्यानें बाजूस व्हावें किंवा चिरडून जावें. दुष्ट लोकांनीं दुष्टपणानें केलेली ही बडबड नव्हे. शहाणे, प्रेमळ, आपल्या मुलांवर जीव टाकणारे लोक हें मानतात. असलें साम्राज्य ज्यांच्या अंगणांत वाढलें त्या लोकांचे आपण वंशज आहों, म्हणून हा सिद्धांत बाहेरून कसा दिसतो हें आपणांस चांगलें ठाऊक आहे. आंतून तो कसा दिसत असेल हें आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत नसतें. येथें तें आहे. लेखक त्या सिद्धांताचें खंडन करण्यासाठीं व्याख्यान देत नाहीं. टागोर यांस त्या लोकांत नेऊन ठेवतो आणि स्वतः दूर होतो.

दुसरी गोष्ट पुस्तकाच्या नांवाची. 'क्लिन झा'चा आणखी एक प्रकार आहे, त्यांत सोंगट्यांचा संच एकच असतो. दोन्ही खेळाडूंनीं त्याच सोंगट्या आळीपाळीनें चालवावयाच्या. आतां जी सोंगटी माझी म्हणून मीं पुढें सरकविली, तीच पुढच्या खेळीस प्रतिपक्षाची. आरशांत पाहावें तसा हा खेळ, म्हणून त्याचें नांव प्रतिबिंबाचा खेळ. ज्यांस बुद्धिबळाचा नाद आहे त्यांनीं घरीं पट मांडून नुसता विचार करून पाहावा कीं अशा खेळांत आक्रमण कसें करावयाचें. प्रतिपक्षाच्या डोळ्यांनीं पट पाहिल्यावांचून एकहि खेळी सुचत नाहीं. पटावरचा हा नियम कथेंतील राजकारणास कोठें कोठें लागू पडतो, हें वाचकानें स्वतःच हुडकावें अशी लेखकाची इच्छा दिसते, कारण तो तें कोठेंहि उघड सांगत नाहीं.

दोषहि आहेत. पहिलीं पन्नास पानें वाट चुकल्यासारखीं वाटतात. नांवें, पदव्या, घराणीं, खेळाचे नियम, सर्व एकदम अंगावर येतें, आणि फोर्ड यांस समजावून सांगण्याचा मोठा कंटाळा. महत्त्वाची घटना दोन वाक्यांच्या मधल्या जागेंत घडून जाते. डोळा लागला तर गेली. यांची इंग्रजी कठीण शब्दांची नव्हे, गाळलेल्या शब्दांची आहे, आणि ती अधिक कठीण. स्त्रियांच्या भूमिका थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्यांस कर्तृत्व बेताचेंच दिलेलें आहे. ज्या लेखकानें परक्या लोकांची एवढी कल्पना केली त्यानें येथें हात आंखडावा हें खटकतें. कर्काचीं आरंभींचीं व शेवटचीं पानें मालिकेच्या नांवाचें देणें फेडण्यासाठीं घातल्यासारखीं वाटतात, आणि सबंध पुस्तकांत तींच सर्वांत निस्तेज आहेत. पालकांनीं हेंहि जाणून असावें कीं यांत रक्तपात आहे, राजकीय हत्या आहेत. तीं वर्णनें चवीनें केलेलीं नाहींत, पण टाळलेलींहि नाहींत.

मुलांमध्यें एक चमत्कारिक वाद ऐकूं आला, त्याविषयीं दोन शब्द लिहितों. त्यांतील जाणते म्हणविणारे सांगतात कीं हें पुस्तक 'खरें' नाहीं. त्यांचें म्हणणें असें : १९८४ सालींच आलेल्या 'स्टार ट्रेक'च्या तिसऱ्या चित्रपटासाठीं मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञांनीं क्लिंगॉन भाषा रचली, तिचा कोश पुढच्या वर्षीं निघाला, आणि तीच मान्य झाली, १९८७ पासून सुरू झालेल्या नव्या मालिकेनेंहि क्लिंगॉन लोकांचे रीतिरिवाज निराळेच दाखविले. म्हणून फोर्ड यांची भाषा, त्यांचीं घराणीं, त्यांचा खेळ, सगळें रद्द! या विद्वत्तेपुढें हात जोडावे कीं हंसावें कळत नाहीं. जें मुळींच घडलें नाहीं, त्याच्या दोन हकीकतींपैकीं एक खरी आणि दुसरी खोटी कशी? मालकी ज्या मंडळीकडे आहे त्यांनीं शिक्का मारला तर खरें, न मारला तर खोटें, हा न्याय कज्जेदलालीला ठीक आहे. उलटहि घडतें. व्होंडा मॅकिन्टायर या लेखिकेनें १९८१ सालच्या 'द एन्ट्रॉपी इफेक्ट' या कादंबरींत जहाजावरील सुलु या अधिकाऱ्यास हिकारू असें पहिलें नांव दिलें; मालिकेंत त्याला तें नव्हतेंच. दहा वर्षांनीं, १९९१ सालच्या चित्रपटांत, पडद्यानें तें नांव पुस्तकांतून उचललें. मग त्या दहा वर्षांत सुलुचें नांव काय होतें म्हणावयाचें?

फोर्ड २००६ सालीं वारले. मालिकेशीं संबंध नसलेल्या 'द ड्रॅगन वेटिंग' या त्यांच्या कादंबरीस जागतिक कल्पनावाङ्मयाचा पुरस्कार १९८४ सालींच, म्हणजे हें सोळावें पुस्तक निघालें त्याच वर्षीं, मिळाला. ज्यांस हें पुस्तक आवडेल त्यांनीं पुढें तें हुडकावें. मात्र शालेय वयांत तें फारसें झेपणार नाहीं.

आतां मूळ मागणीकडे वळूं. मुलांच्या यादींत अशीं एकंदर अकरा पुस्तकें होतीं. अकराहि घ्यावीं असें माझें मत नाहीं; ग्रंथालयाचा पैसा मोजका आहे आणि डॉ. नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'ची आपली प्रत वाचून वाचून सुटी झाली आहे, ती आधीं नवी आणली पाहिजे. परंतु 'द फायनल रिफ्लेक्शन' घ्यावें, आणि लहान मुलांसाठीं हल्क यांचें पुस्तक घ्यावें. उरलेलीं नऊ ज्यांस हवीं असतील त्यांनीं मुखपृष्ठ झांकून वाचून पाहावीं आणि त्यांतील एखादें तरलें तर आम्हांस कळवावें. पुढच्या वर्षीं तें घेतां येईल. फोर्ड यांचें पुस्तक नववीच्या खालीं देऊं नये, तें रक्तपातामुळें नव्हे तर भाषेमुळें; अर्धवट सोडलेल्या चांगल्या पुस्तकाविषयीं मनांत जी अढी बसते ती लवकर जात नाहीं. ज्यांनीं मालिका पाहिलेली नाहीं त्यांनीं क्लिंगॉन प्रथम आले तो १९६७ सालचा 'एरंड ऑफ मर्सी' हा भाग आधीं पाहावा. तो पाहण्यास तासाहून कमी वेळ लागतो. पालकांनीं शेजारीं बसून पाहिला तर उत्तमच, म्हणजे मुलगा पुस्तकांत कोणाच्या घरांत शिरला आहे हें त्यांसहि कळेल. पहिल्या पन्नास पानांत नांवें विसरलीं जातील, म्हणून पेन्सिलीनें एका वेगळ्या कागदावर घराण्यांचा तक्ता करावा. पुस्तकावर करूं नये, कारण प्रत एकच येणार आहे आणि ती मागणारे आतांपर्यंत तेवीस झाले आहेत.